खाडीला दाखवलेला रंग

पाणखणच्या कोळीवाड्यात त्या वर्षी शिमग्याच्या आधीच गुलाल उधळला गेला. निमित्त होतं धातूला मुलामा देणाऱ्या बुबेरे प्लेटिंग वर्क्सच्या सांडपाण्याच्या नळाला लागलेल्या कुलपाचं. उधळणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता मच्छीमार सोसायटीचा चेअरमन जयेंद्र वैती, कपाळापासून पोटापर्यंत लालेलाल. कारखान्याच्या फाटकासमोर बेंजो तापला होता, बायका फेर धरून नाचत होत्या, आणि फाटकाच्या आत अन्वर बुबेरे हाताची घडी घालून हे सगळं बघत उभे होते. त्यांच्या मागे त्यांचे कामगार उभे होते. नळ बंद म्हणजे टाक्या बंद, आणि टाक्या बंद म्हणजे त्यांचं काम बंद.

हे कुलूप कोणा माणसाने लावलेलं नव्हतं. ते शिवल्यांनी लावलं होतं.

बाजारात तिसऱ्या म्हणतात त्याच या शिवल्या. दोन शिंपांच्या मधे राहणारा हा मऊ जीव. श्वास घ्यायचा असो की पोट भरायचं असो, त्याला शिंपा किंचित उघडून पाणी आत ओढावं लागतं आणि गाळून सोडावं लागतं. पाणी बरं असलं की शिवली निवांत उघडी असते, वाईट आलं की मिटून घेते. शास्त्रज्ञांनी एका शिंपेवर तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक चिकटवलं आणि दुसरीवर तेवढाच संवेदक. शिंपा केसभर हलल्या तरी चुंबकाचा जोर बदलतो आणि ती खबर तारेने वर येते. आता एकटी शिवली जवळून गेलेल्या खेकड्यालाही दचकते, तिच्या साक्षीवर कोण विसंबणार? पण खाडीभर पिंजरे टांगून त्यांत शेकडो शिवल्या ठेवल्या, आणि त्या एकाच वेळी मिटल्या, तर ती बातमी असते.

पुढचं काम यंत्राचं. वर्षानुवर्षं शिवल्यांची उघडझाप पाहून पाहून ते शहाणं झालं होतं. क्लोरीन आलं तर शिवल्या फटकन मिटतात आणि उघडायचं नाव घेत नाहीत. पाण्यातला प्राणवायू संपत आला तर उलट आ वासतात. आणि तांबं आलं तर फडफडतात: जरा उघडायचं, दचकून मिटायचं, पुन्हा उघडून बघायचं. फडफड दिसली की यंत्र आपल्या नोंदी तपासायचं, जवळपास तांबं कोण वापरतं ते शोधायचं, आणि त्याचा नळ तिथल्या तिथे बंद करायचं. नव्या खाडी कायद्याने तेवढा अधिकार त्याला दिला होता. साहेब जेवायला गेलेत, फाइल वर गेलीय, ही भानगडच उरली नव्हती.

कायद्याने माणसाकडे एकच काम ठेवलं होतं. कुलूप लागल्यावर खाडी निरीक्षकाने शहानिशा करून कारण कायम करायचं. पाणखणची निरीक्षक होती दर्शना वैती, म्हणजे चेअरमनची सख्खी धाकटी बहीण. रोज सकाळी ती बोटीतून पिंजरे तपासत फिरायची, शिवल्यांवरचं शेवाळ मऊ ब्रशने काढायची आणि काढता काढता त्यांच्याशी बोलायची. "बायांनो, तुमच्यामुळे बरं चाललंय हो आमचं," असं ती खरोखर म्हणायची. लोक हसायचे. हसू देत. तिच्या लहानपणी याच खाडीला रॉकेलचा वास यायचा आणि इथली शिवली विकायला कायद्याने बंदी होती. ती बंदी आता उठायच्या बेताला आली होती. होळी पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत शिवल्या शांत राहिल्या की पाणखणला 'उघडी खाडी'चा दाखला मिळणार होता, आणि एक अख्खी पिढी मुंबईत वॉचमनकी करून जगलेली माणसं पुन्हा आपल्या खाडीवर जगायला मोकळी होणार होती.

म्हणून तर ती फडफड सुरू झाली तेव्हा गावाचं माथं भडकलं, आणि कुलूप लागलं तेव्हा गुलाल उधळला गेला.

फडफड मात्र थांबली नाही.

दर्शनाने आधी मनाला समजावलं. नळात अडकलेलं पाणी झिरपत असेल, गाळातलं तांबं वर येत असेल. पण संध्याकाळीही तेच. तिने पडद्यासमोर बसून आलेख भरती-ओहोटीच्या वेळांशी लावून पाहिला. भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की शिवल्या फडफडत होत्या. दर भरतीला, न चुकता. आणि कारखान्याजवळचे पिंजरे जवळजवळ शांत होते, सगळा दंगा बंदराजवळच्या पिंजऱ्यांत होता.

तिने केबिनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बंदराच्या चिखलावर गावातल्या सगळ्या होड्या ओळीने ओढून ठेवल्या होत्या. शिमग्यासाठी नुकत्याच रंगवलेल्या. बुडं लालभडक.

पाणखणची एक रीत आहे. शिमग्याला होडी रंगवायची ती ओहोटीला, आणि रंग ओला असतानाच येणारी भरती तिच्या बुडाला लागू द्यायची. याला खाडीला रंग दाखवणं म्हणतात. खाडीच्या जिवावर होडी जगते, तेव्हा तिच्या अंगावरचं नवं लुगडं पहिल्यांदा खाडीने बघायचं, बाकीच्यांनी मग. बाया पाण्यात उतरून हळद-कुंकू वाहतात. काजूच्या टरफलाचं तेल लावायचे तेव्हा या रितीने कुणाचं काही बिघडलं नाही. पण खाडी स्वच्छ झाली आणि तिच्याबरोबर होडीच्या बुडाला चिकटून बसणारी बारीक शिंपरंही परतली. होड्या जड झाल्या, डिझेल जास्त जाऊ लागलं. म्हणून यंदा जयेंद्रने सोसायटीतर्फे नवा रंग आणला होता, शिंपरं मारणारा. त्यात तांबं असतं. डब्यावर लिहिलेलं होतं, पूर्ण वाळेपर्यंत पाण्याला लावू नये. पण पाणखणात होडी रंगवताना डबा वाचायची पद्धत नव्हती, आणि यंत्राच्या नोंदीत होडी नावाचा कारखाना नव्हता.

तिने दादूसला, थोरल्या भावाला, फोन लावला.

"आत्ता?" जयेंद्र फोनवर म्हणाला. "बेंजोवाल्यांना जेवाला घालायचा हाय."

"त्यांना वहिनी घालेल. तू ये."

तो आला. दर्शनाने दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. एकीत कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी घेतलेलं पाणी, दुसरीत जयेंद्रच्या स्वतःच्या होडीच्या बुडाला घासून उतरलेलं. दोन्हींत तिने चार चार शिवल्या सोडल्या. दोघं बघत बसली. पहिल्या बादलीत थोड्या वेळाने शिंपा उघडल्या आणि आतली पांढरी जीभ बाहेर आली. दुसरीतल्या शिवल्या उघडायच्या, मिटायच्या, पुन्हा उघडायच्या. मग एकेक करून घट्ट मिटल्या त्या मिटल्याच.

जयेंद्र उठून आपल्या होडीपाशी गेला आणि तिच्या बुडावरून हात फिरवला. तळवा लाल झाला. त्याने तो बराच वेळ पाहिला, मग पँटला पुसला आणि तो केबिनपाशी परतला.

"रंग वालला का थांबल," तो म्हणाला.

"थांबणार नाय, कमी होईल. मग त्या फडफडणार नायत. पण तांबं मांसात साठत जाईल, आणि तीच शिवली आपण बाजारान न्यायची."

"दर्शना, आयक." तो स्टुलावर बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू क्याय बी नको करूस. चार दिवस गप रहा. फडफड थांबल, पुनव येल, दाखला येल. मंग पुढच्या वर्सी आपुन रंग बदलू. कुनाला कलनार नाय."

तो म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचीच दर्शनाला भीती वाटली. तिने फक्त बटण दाबून बुबेऱ्यांवर कारण कायम करायचं होतं. यंत्राने तसं सुचवलंच होतं. तिच्याकडे बोट दाखवणारं जगात कोणी नव्हतं.

"आणि बुबेरे?"

"त्याचा कारखाना हाय, बँकेन पैसा हाय."

"त्याच्या कामगारांचा?"

जयेंद्र तळवा पुन्हा पँटला पुसू लागला.

"दादूस, मी होड्यांवर कारण कायम केलं तर दाखला वर्षभर गेला. ते मना म्हायती हाय. पण कायद्यान कबुलीचं कलम हाय. मी लिहायच्या आधी सोसायटीनं स्वतःहून सांगितलं आणि रंग काढून टाकला, तर दाखला फक्त पुढच्या उधाणापर्यंत थांबतो, अमुशेपर्यंत. ते सांगनं माज्या हातान नाय. चेअरमननी सांगायचं असतं."

"म्हंजी मी. ज्या फाटकासमोर नाचलू, त्या फाटकासमोर जाऊन."

"होय."

"गाव माज्या तोंडान शेन घालल."

"घालल."

"तू माजी भईन हाय का यंत्राची?"

हे दर्शनाला लागलं. तिच्या शिक्षणासाठी या माणसाने स्वतःची शाळा सोडून दुसऱ्याच्या होडीवर मजुरी केली होती. आज ती ज्या खुर्चीत बसली होती ती त्याच्या हाताच्या घट्ट्यांवर उभी होती, आणि हे ती एक दिवसही विसरली नव्हती. "तुजीच," ती म्हणाली, "म्हणून तर आधी तुला सांगितलं. उद्या दुपारच्या भरतीपर्यंत वाट बघते. मग लिहिते."

तो पाठ फिरवून निघून गेला. त्या दिवशी वहिनीने डबा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना पिंजरे साफ करायला गेलीच नाही. ती केबिनमध्ये बसून राहिली आणि समोरच्या बटणाकडे बघायचं टाळत राहिली. भरती चढायला लागली. तिने देवाला हात जोडले आणि मग, शरम वाटून, शिवल्यांनाही जोडले. पाणी होड्यांच्या बुडांना लागायला आलं तेव्हा बंदरावरून कोणीतरी ओरडलं, "अगं दर्शना, तुजा दादूस गेला बघ कारखान्यावर. एकलाच!"

ती धावत सुटली.

फाटक अर्धं उघडं होतं. आत जयेंद्र उभा होता, अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. पण कानामागचा गुलाल काही गेला नव्हता. समोर अन्वर बुबेरे. साठीचे, किडकिडीत, जिभेला धार असलेले गृहस्थ. गावात त्यांच्याशी भांडून जिंकलेलं कोणी नव्हतं.

"चुकी आमची हाय," जयेंद्र म्हणाला. "तांबा आमच्या होऱ्यांचा. तुमचा नाय. सोसायटीची कबुली मी आत्ताच फोनवर नोंदवली, तुमचा कुलूप निघल."

बुबेऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बेंजो नाही आणलात?"

"नाय."

"काल चांगलं वाजवत होते. माझ्या नातीला आवडलं." मग त्यांचा आवाज चढला. "जयेंद्रराव, सांडपाणी गाळायची टाकी बसवायला मी बायकोचे दागिने मोडले. का? तर उद्या कोणी म्हणू नये, बुबेऱ्यांनी खाडी मारली. माझा आजासुद्धा याच खाडीत मासे धरत होता. आणि तुम्ही माझ्या दारात येऊन नाचलात!"

जयेंद्रने मान खाली घातली. दर्शना मधे काही बोलायला गेली तर बुबेऱ्यांनी तिलाही हाताने थांबवलं. "तुमच्या शिवल्यांना माझा सलाम सांगा, बाई. त्या खोटं बोलल्या नाहीत. तुमच्या यंत्राला मात्र अक्कल शिकवा."

"शिकवते," दर्शना म्हणाली. "आजच शिकवते, काका."

बुबेरे फाटकातून बंदरावरच्या होड्यांकडे बघू लागले. मग बुबेऱ्यांनी विचारलं, "आता तो रंग कसा काढणार?"

"खरवडून."

"खरवडून टाकणार कुठे? चिखलात? म्हणजे पुन्हा भरतीला खाडीतच." त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तांबं पकडायची टाकी या सबंध किनाऱ्यावर एकट्या माझ्याकडे आहे. आणि तुमच्या कृपेने ती सध्या रिकामी आहे. होड्या इकडे आणा."

जयेंद्रला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मान वर करून बुबेऱ्यांकडे बघू लागला. दर्शनाने त्याचा हात धरला, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

गावाने जयेंद्रच्या तोंडात शेण घालायचं ते घातलंच. सभेत दोन तास शिव्या चालल्या. पण तो उभा राहिला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला: ज्याला आपण चोर ठरवला तो आपली घाण गाळून द्यायला तयार आहे. म्हाताऱ्या कमळीआजी उठल्या आणि म्हणाल्या, "मंग बसून काय करताव? उठा!" त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग पाणखणात कधी न झालेला प्रकार झाला. शिमग्याला सजून पाण्यात जायच्या त्या होड्या ट्रॉल्यांवर चढून रस्त्याने निघाल्या. कारखान्याच्या अंगणात ताडपत्र्या अंथरल्या होत्या. कोळी खरवडायचे, बुबेऱ्यांचे कामगार धुवायचे, पाणी खड्ड्यातून पंपाने टाकीत जायचं. टाकीतल्या राळेच्या बारीक गोळ्या तांबं धरून ठेवायच्या आणि वरचं निवळ पाणी दर्शना बादलीत घेऊन त्यात शिवल्या सोडून बघायची. त्या उघडायच्या. दर वेळी उघडल्या की अंगणात कोणीतरी शीळ घालायचं. बुबेऱ्यांचं तोंड मात्र सुटलेलंच होतं. "हात नीट चालवा, हे लग्नाचं जेवण नाही!" आणि मग, जयेंद्रकडे बघून, "तुमच्या होड्यांचा रंग आता लोकांच्या नळांवर चढणार. पितळेच्या नळाला मुलाम्याआधी तांब्याचा हात द्यावा लागतो. फुकटात मिळालं."

होळीच्या पौर्णिमेला पाणखणात उधाण आलं पण दाखला आला नाही, कारण कबुलीची अट तशीच होती. त्या दिवशी होड्या बिनरंगाच्या, उघड्या लाकडाच्या, काजूचं तेल लावून पाण्यात उतरल्या. शिंपरं आता हातानेच खरवडावी लागणार होती, दर उधाणाला, कायमची. कुणी कुरकुर केली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण खरवडणार होते सगळे.

अमावस्येच्या उधाणात दर्शना बोटीत बसून होती, फोन हातात घट्ट धरून. पाणी भरलं, थांबलं, उतरू लागलं. पडद्यावरच्या रेषा सरळ राहिल्या. शेकडो शिवल्या खाडीभर उघड्या होत्या, पाणी आत घेत होत्या आणि सोडत होत्या. दर्शनाला एकदम वाटलं की आपण फार भाग्याच्या ठिकाणी जन्मलो. तिने बोटीतूनच भावाला फोन लावला आणि ती नुसती हसत राहिली. पलीकडून त्याचं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

दाखला आल्यावर पहिल्या ओहोटीला जयेंद्रची होडी खाडीच्या मधल्या उंचवट्यावर गेली. वीस वर्षांनी प्रथमच पाणखणच्या माणसांनी विकण्यासाठी शिवल्या काढल्या. बंदरावर सगळं गाव जमलं होतं, कारखान्यातली माणसंही आली होती. बुबेरे एका बाजूला उभे होते, सदऱ्याच्या खिशात हात घालून. त्यांना बोलावून आणावं लागलं होतं.

जयेंद्रने फळीवर वाटे घालायला सुरुवात केली. कोळ्यांच्या वाट्यांत नुसती माणसं नसतात. जे राबले त्या प्रत्येकाचा एक वाटा, तसा होडीचाही एक वाटा, कारण तीही राबते. देवीचा एक. सगळे वाटे पडले आणि जयेंद्रने आणखी एक ढीग घातला. बाकीच्यांएवढाच, उलट थोडा जास्तच.

"ह्यो कुनाचा रं?" कमळीआजींनी विचारलं.

"टाकीचा," जयेंद्र म्हणाला.

बुबेरे घसा खाकरून म्हणाले, "टाकीला तोंड नसतं, जयेंद्रराव."

"तिच्या मालकाला हाय. सगल्या गावाला म्हायती हाय." लोक हसले, जयेंद्र हसला नाही. "आनि शेठ, ह्यो आजच्यापुरता नाय. आमच्यान वाटा एकदा घातला का तो मोडत नाय. ही होरी पान्यान हाय तवर टाकीचा वाटा पडनार. माज्यामागं माजा पोरगा घालल."

ज्यांच्याशी भांडून कोणी जिंकलं नव्हतं ते अन्वर बुबेरे पुढे झाले. ते फळीपाशी आले, उकिडवे बसले आणि शिवल्या एकेक करून उचलून कापडी पिशवीत भरू लागले. पिशवी लहान होती, लवकर भरली. ढीग अजून शिल्लक होता. दर्शनाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

बुबेऱ्यांनी उरलेल्या शिवल्यांकडे पाहिलं, मग जयेंद्रकडे.

"पुढच्या वेळी मोठी पिशवी आणतो," ते म्हणाले.